पेशंटमागे वाटा

संग्रामचा चहा अर्धाच पिऊन झाला होता. रंजिताने त्याच्यासमोरचा कप उचलला आणि बेसिनमध्ये ओतून टाकला.

"नाही म्हणजे नाही."

बेंगळुरूच्या येलहंक्यात तिचं छोटंसं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. संग्राम जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये पेशंटांची व्यवस्था बघायचा. निपाणीकडचा, म्हणून तिच्याशी मराठीत बोले. ऑपरेशन झालेले पेशंट तिच्याकडे पाठवायचे आणि तिने प्रत्येकामागे फीमधला वाटा त्याच्या सरांना, म्हणजे नर्सिंग होमच्या डॉक्टरांना पोचवायचा, असा निरोप त्याने आणला होता.

"अक्का, सगळे देतात की. स्वल्प समजून घ्या."

"आठवड्यात चालायला लागेल अशा माणसाला, तुमचा वाटा निघावा म्हणून मी महिनाभर बोलवू? तुमच्या सरांना हेच सांगा."

तेवढ्यावर ती थांबली नाही. इथे पेशंट पाठवल्याबद्दल कुणालाही पैसे मिळणार नाहीत, अशी पाटीच तिने कन्नडमध्ये रंगवून दारावर लावली.

"नाही म्हणालीस ना? मग पाटी कशाला?" नवऱ्याने, अभिजीतने विचारलं. "गप्प राहूनही भागलं असतं."

"आज गप्प राहून नाही म्हणेन, अभि. उद्या गप्प राहूनच हो म्हणेन."

व्हायचं तेच झालं. नर्सिंग होमकडून येणारे पेशंट बंद झाले. रंजिता दुपारच्या उन्हात स्कूटरवरून घरोघरी जाऊन व्यायाम देऊ लागली. पण सकाळ-संध्याकाळ दार उघडायची चुकली नाही.

एका दुपारी ती शटर अर्धं ओढून निघणार, तोच संग्राम ते वर ढकलून आत आला. मागे त्याची आई, शालन, रिक्षावाल्याचा हात धरून.

"खुब्याचं ऑपरेशन आमच्याकडंच झालं. मग सर पाठवतात त्या सेंटरला नेत होतो," तो खाली बघत म्हणाला. "नुसतं शेकतात आणि उद्या या म्हणतात. अजून धड उभं राहता येत न्हाई तिला."

रंजिताने स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली. म्हातारीला कॉटवर बसवलं, पाय हळूहळू हलवून पाहिला, मग तिच्या काखेत हात घातला. "माझ्यावर भार द्या. द्या की, मी पडत नाही."

कण्हत कण्हत शालन उभी राहिली.

"रोज याच वेळेला आणू?" संग्राम कुजबुजला. "सरांना कळलं तर नोकरी जाईल माझी."

"सकाळी आणा. सगळे असतात तेव्हा."

"अक्का..."

"आज त्यांना दुखत होतं म्हणून पाहिलं. चोरून उपचार करायला मी काही चोरी केलेली नाही."

दोन दिवस तो फिरकला नाही. आपलंच बोलणं रंजिताला आतून टोचत राहिलं. अभिजीत म्हणाला, फोन कर. तिने फोन उचलला आणि परत ठेवला.

मग एका सकाळी तो आला, नर्सिंग होमच्या निळ्या शर्टातच, आईला धरून. बाकावर माणसं होती.

"नंबर आहे," रंजिता म्हणाली. "थांबावं लागेल."

"सरी, थांबतो."

आईला बसवून तो शेजारी उभा राहिला. बाकावरच्या एका बाईने त्याच्या खिशावरचं नर्सिंग होमचं नाव वाचलं आणि शालनला कन्नडमध्ये विचारलं, "तुम्हाला इथे कुणी पाठवलं?"

शालनने मुलाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. संग्रामने एकदा उघड्या दारातून रस्त्याकडे नजर टाकली.

"मी," तो म्हणाला, आणि मग, गरज नसताना, जरा मोठ्याने, "मी पाठवलं."