उघड्या गाडीचं बीडिंग

कृष्णनाथने साबणाच्या पाण्यात बोटं बुडवली आणि बीडिंगच्या रबराची कड दाराच्या खाचेत दाबत नेली. कोपऱ्यावर आल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. हल्ली डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त कळत होतं.

गाडी साठेक वर्षांपूर्वीची, कापडी छपराची. साखळी गावच्या प्रज्योतबाबांना ती रविवारी लेकीच्या लग्नाला हवी होती. आधी दोन मेस्त्रींनी रबर बसवलं होतं, पण पाणी आत यायचं. "डिचोलीत तू असताना मी दुसरीकडे गेलोच कशाला," असं म्हणून ते गाडी लावून गेले होते.

पणजीच्या डॉक्टरांनी कृष्णनाथला सांगितलं होतं की साखरेने डोळ्यांचे पडदे गेलेत, गेलेली नजर परत येणार नाही. घरी आल्यावर तो बायकोला, शेवंतीला म्हणाला होता, चष्म्याचा नंबर वाढलाय.

शेवटचा सांधा चिकटवून, तो सुकल्यावर त्याने छप्पर ओढून अडकवलं, काचा वर केल्या आणि बायकोला हाक मारली. तीस वर्षं हे काम तिचंच. ती आत बसायची, तो बाहेरून पाईपने पाणी मारायचा, आणि थेंब कुठे पडतो ते ती सांगायची. गिऱ्हाईक शेजारी उभं असलं तरी तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं.

पाणी छपरावर वाजू लागलं.

"येता काय गो?"

"ना."

"काचेच्या कोपऱ्यात बघ."

"बघितलां. येना."

त्याने आणखी बराच वेळ पाईप धरला. मग नळ बंद केला, दार उघडलं आणि तिला उतरायला हात दिला. हात तिच्या खांद्याला लागला. पदर पिळून काढावा इतका ओला होता.

तिने पदर ओढून घेतला नाही. तो हात तसाच ठेवून उभा राहिला.

"कधीपासून म्हायत आसा तुका?" शेवटी त्याने विचारलं.

"चवथीपासून. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना तुमी नारळ हवेतच सोडलात. आणि म्हणालात, हातातसून निसटलो."

कृष्णनाथ गाडीच्या पायरीवर बसला. खिशातून फोन काढून त्याने तिच्यापुढे धरला.

"प्रज्योतबाबांचो नंबर लाव."

तिने लावून दिला. त्याने फोन कानाला धरला. दोनदा घसा साफ केला.

"बाब, कृष्णनाथ बोलता. माका... माका दिसना."

"पाणी दिसत नाही ना कुठे? मग झालं तर," तिकडून मोकळा आवाज आला. मागे कुणीतरी मांडवाचं विचारत होतं. "तुझ्या हाताला तोड नाही रे. रविवारी सकाळी येतो."

फोन बंद झाला तरी कृष्णनाथने तो कानावरून खाली घेतला नाही.

शेवंतीने त्याची बोटं एकेक करून सोडवली, फोन काढून घेतला आणि तोच नंबर पुन्हा लावला.