पाच जण धरून

भाऊ गेला तेव्हा ताईच्या वाट्याला त्याच्या सहा वह्या, कापडी पिशवीभर फासे आणि चार माणसं आली.

ही चार माणसं सहा वर्षं दर रविवारी दुपारी भावाच्या टेबलाभोवती बसून एक खेळ खेळत होती. खेळात प्रत्येकाचं एक सोंग होतं. दातांचा डॉक्टर शिपाई, ग्रंथपाल बाई मांत्रिक, बसचा ड्रायव्हर भुरटा चोर आणि भावाची बायको तिरंदाज. भाऊ सूत्रधार. गुहा कुठे, पूल कुठे तुटलाय, अंधारातून काय चालून येतंय, हे सगळं तो सांगायचा. राक्षसांचे फासेही तोच टाकायचा, टेबलावर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी डॉक्टर भेटायला आला. पायात चपला सरकवता सरकवता म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवा ना खेळ. आकड्यांचं तुमच्याइतकं आमच्यात कुणाला कळतंय?"

ताई हो म्हणाली, पण खेळापायी नव्हे. भावजय बसने दोन तासांवर, आपल्या आईकडे राहायला गेली होती. ताईच्या घरात आता भावाबद्दल बोलावं असं दुसरं माणूस उरलं नव्हतं. खेळाचं विचारलं तेव्हा भावजय फोनवर म्हणाली, "तिरंदाज जिवंत आहे तोवर येईन, ताई. ती मेली की मीही मोकळी." आणि हसली. ताईला हसू आलं नाही. भावजय बोललेलं करणारी होती.

ताई मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. दुकानांचे तराजू, दवाखान्यांचे तापमापक, कुणाकुणाचे वजनांचे संच तिच्या टेबलावर येत आणि खरे की खोटे ते ठरून परत जात. सव्वीस वर्षांत तिने न दिसलेला आकडा कधी लिहिला नव्हता. भाऊ शाळेत असताना त्यालाही तिनेच शिकवलं होतं : आधी बघायचं, मग लिहायचं, मग बोलायचं. त्यामुळे वह्या उघडल्या तेव्हा तिला बरं वाटलं. टाकलेला एकेक फासा त्यात नोंदलेला होता. कुणी कुणावर वार केला, फाशावर किती पडले, किती प्राण गेले.

लढती मांडायची त्याची रीतही सरळ होती. प्रत्येक गड्याच्या ताकदीला आणि प्राणांना आकडा, राक्षसाच्या ताकदीला आकडा, आणि दोहोंची एकमेकांशी तोलणी. राक्षस जड झाला तर सगळे मरतात. हलका झाला तर जांभया देतात. काटा मध्ये थरथरत राहिला पाहिजे. ताईला हे न सांगता कळलं, तिचा जन्मच त्यात गेला होता. एकच गोष्ट तिला कळेना. प्रत्येक लढतीच्या समासात भावाने लिहिलं होतं : ‘पाच धरून’.

गडी तर चार होते.

पहिल्या रविवारी तिने त्याचीच एक लढत जशीच्या तशी मांडली. पडदा मात्र घडी करून कपाटावर ठेवला. फासे सगळ्यांसमोर टाकायचे, लपवायचंय काय? दीड तासात डॉक्टरचा शिपाई मेला.

"दात काढतो मी लोकांचे," डॉक्टर म्हणाला, "आज कळलं त्यांना कसं वाटतं ते."

"तुमच्या शिपायाला धाकटा भाऊ असेलच की," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी त्याला आणा."

"आहे ना. तोंडवळा अगदी सारखा. फक्त अक्कल जास्त."

हशा ओसरायच्या आत ताईने राक्षसाचा पुढचा वार टाकला, तिरंदाजावर. वीस बाजूंचा फासा टेबलावर गडगडत निघाला आणि कुणीतरी खाकरलं. जड, छातीतून आलेलं खाकरणं. फासा वहीच्या कडेला टेकून तिरका उभा राहिला. वर वीस दिसत होते. वीस पडले की घाव दुप्पट. पण तिरका फासा धरायचा नाही असा नियम होता. ताईने पुन्हा टाकला. चार. वार हुकला.

"डॉक्टर, कोमट पाणी आणू?" तिने विचारलं.

"मला? मी कुठे खाकरलो?"

सगळ्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने तोंडातली बडीशेप दाखवली. विषय तिथेच राहिला.

भावाची बेरीज चुकली असणार, असं ठरवून दुसऱ्या रविवारी ताईने चार जण धरून नवी लढत मांडली. कागदावर ती इतकी नेमकी तोललेली होती की प्रयोगशाळेचा शिक्का मारावा. राक्षस तिसऱ्याच फेरीत कोसळले. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. ड्रायव्हरने जांभई दिली आणि तोंडावर हात धरला. भावजयीने घड्याळ बघितलं.

"चारची बस मिळेल मला आज," ती म्हणाली. मग, जरा अवघडून, "तो असता तर एव्हाना आम्ही रडकुंडीला आलो असतो."

ती गेली त्या दारात ताई बराच वेळ उभी राहिली. जड मांडलं तर तिरंदाज जाणार, हलकं मांडलं तर भावजय आपणहून जाणार. भावाने सहा वर्षं हा काटा मध्ये कसा धरून ठेवला होता?

पाणी कुठेतरी मुरत होतं. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने सहाही वह्या मोजून काढल्या. राक्षसांचे एकूण वार बाराशे चाळीस. त्यांत वीसचा आकडा बासष्टच्या आसपास वेळा यायला हवा होता. आला होता सत्तेचाळीस वेळा. तिने फासाच तपासायला घेतला. दार लावून, सपाट दगडी ओट्यावर, हजार वेळा टाकला. प्रत्येक विशीला तिचा श्वास आपोआप अडत होता, कान कशाचा तरी कानोसा घेत होते. खोलीत कुणी खाकरलं नाही. इथे वार कुणावर नव्हताच. विशी बावन्न वेळा आली. फासा खरा होता.

मग तिने वार माणसांप्रमाणे वेगळे केले. डॉक्टर, ग्रंथपाल आणि ड्रायव्हर यांच्यावरचे नऊशे तीस. विशी सत्तेचाळीस. अगदी हवी तितकी. तिरंदाजावरचे तीनशे दहा.

विशी एकही नाही.

ताईने पेन खाली ठेवलं. आधी तिला राग आला. तिच्याच भावाने, तिनेच शिकवलेल्या रकान्यात, न दिसलेले आकडे लिहिले होते. पंधरा-सोळा वेळा. पडद्याआड विशी बघून तोंडाने दुसरंच काही सांगितलं होतं. राग उतरल्यावर समासातल्या शब्दांचा अर्थ लागला. चौघांना न पेलणारी लढत मांडायची, आणि मग पडद्यामागून गुपचूप त्यांच्याच बाजूने उतरायचं. पाचवा तो होता.

तिसऱ्या रविवारी तिने कपाटावरून पडदा काढला, धूळ झटकली आणि टेबलावर उभा केला. भावजयीने त्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. लढत भावाच्या शेवटच्या वहीतली होती. पुराच्या पाण्यातून वर येणारा, डोळे नसलेला एक प्राणी, आवाजावर वार करणारा. समासात तेच शब्द.

यावेळी कुणी जांभई दिली नाही. डॉक्टरच्या शिपायाचा धाकटा भाऊ पाण्यात गेला आणि ग्रंथपाल बाईंनी शेवटचा मंत्र खर्चून त्याला वर काढला. ड्रायव्हर खुर्चीवरून उठून उभाच राहिला होता. भावजय पुढे वाकली होती, केस तोंडावर आलेले, नखं ओठात. ताईने तिला असं चार महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आता कुणीही आवाज करू नका," ग्रंथपाल बाई कुजबुजल्या. "त्याला ऐकू येतं."

"तुमचा तो ‘शू’ काय कमी ऐकू जातो?" ड्रायव्हर म्हणाला.

"मी बाण सोडते," भावजय म्हणाली. "दोरीचा आवाज होईल. होऊ दे."

बाण लागला. प्राणी वळला. तिरंदाजाचे नऊ प्राण उरले होते. ताईने पडद्याआड फासा टाकला.

वीस. सपाट पडलेले, तिरके नाहीत, शंकेला जागा नाही. दुप्पट घाव म्हणजे किमान दहा.

ताई त्या आकड्याकडे बघत राहिली. पलीकडे चार माणसांनी श्वास धरला होता. वीस म्हणायला तिने तोंड उघडलं. सव्वीस वर्षं तोंडाला तेच वळण होतं. आणि कुणीतरी खाकरलं.

"सात," ताई म्हणाली. "हुकला."

ड्रायव्हर मटकन खाली बसला. पुढच्या फेरीत डॉक्टरच्या तलवारीने प्राणी संपला आणि डॉक्टर, पन्नाशीचा माणूस, दोन्ही हातांनी टेबल बडवत राहिला.

तिघे गेल्यावर भावजय कप विसळायला थांबली. चारची बस कधीच गेली होती. नळाखाली हात धरून, मागे न बघता ती म्हणाली, "सात नव्हते ना ते?"

ताईने आणखी एक कप तिच्यापुढे ठेवला.

"तोही असाच खाकरायचा. आकडा फिरवायचा असला की आधी घसा साफ करायचा. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"लढत बिघडली असती." तिने कप पालथा घातला. "मघाशी तुम्ही खाकरलात तेव्हा मला वाटलं..." तिने ओले हात ओढणीला पुसले. "भाऊ-बहिणीचा घसासुद्धा सारखाच असतो म्हणायचं."

"असेल," ताई म्हणाली. त्या दुपारचं हे तिचं दुसरं खोटं.

"पुढच्या रविवारी येते. पडदा राहू द्या हं."

भावजय गेली. पायऱ्यांवरचा तिच्या चपलांचा आवाज संपला. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत भिंतीवर गेला होता. ताई पडद्याआडच्या खुर्चीत जाऊन बसली. फासा हलवलेला नव्हता, वीस वरच होते. तिने एकदा मुद्दाम खाकरून पाहिलं. बारीक, कोरडा आवाज निघाला. पुन्हा खाकरली, छातीतून जोर लावून. तरी तसाच. मघाचा तो नव्हता.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग नवीन पान उघडलं, पुढच्या लढतीचा मथळा घातला आणि समासात लिहिलं : ‘पाच धरून’.