समुद्राला लावलेली हळद

मी एकदा समुद्राला हळद लावली. वाक्य अलंकारिक वाटेल, पण ते शब्दशः खरं आहे. कोलकात्याच्या बेहाल्यातल्या एका दुमजली घराच्या बैठकीत, काचेच्या चार भिंतींआड, एक समुद्र राहत होता. त्याच्या निळसर, संथ, स्वतःशीच गुणगुणणाऱ्या पाण्यावर मी पहाटेच्या राखी उजेडात चिमूटभर हळद सोडली, आणि ती सांजढगासारखी उलगडत, विरत, तळाच्या शुभ्र वाळूकडे उतरत गेली. दृश्य इतकं सुंदर होतं की आपण शुद्ध मूर्खपणा करतो आहोत ही शंकासुद्धा मनाला शिवली नाही. तेव्हा मी लहान होते; जेमतेम पासष्टीची. आज पंचाहत्तरीच्या पलीकडून त्या पोरीकडे पाहते तेव्हा वाटतं, हिला कुणीतरी कान धरून भूगोलाच्या तासाला बसवायला हवं होतं.

भूगोलाची बाई तर घरातच होती. घर तिचंच. ती माझी विहीण, माझ्या सुनेची आई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. बंगालीत विहिणीला बेयान म्हणतात, म्हणून मी तिला बेयान म्हणायचे आणि ती मला दीदी. विहिणीला अहो-जाहो करावं ही आपली रीत, आणि समोरासमोर मी ती पाळतेच. पण आठवणीत माणसं अनवाणी येतात, म्हणून इथे ती 'ती'च.

तिची आठवण आधी कानांना येते. शंखाच्या बांगड्यांचा तो बोदा, ओलसर नाद. मिठाच्या पाण्यात हात बुडाले की त्या काचेवर हलकेच वाजायच्या, आणि आतले मासे जणू दारावरची ओळखीची थाप ऐकून पुढे यायचे. मग दिसतो तो तिचा मनगटाने चष्मा वर सारण्याचा चाळा. बोटं सदैव खारट, ओली. म्हणून नाकावरून घसरलेला चष्मा ती मनगटाच्या पाठीने वर लोटायची, आणि चष्म्याच्या काडीवर वाळलेल्या मिठाची बारीक पांढरी रेघ उमटायची, ओहोटीनंतर किनाऱ्यावर राहते तशी. हवेत तर्जनी फिरवून बोलायची. भाजीवाल्याला घराचा पत्ता सांगतानासुद्धा तिच्या बोटाखाली एखादं द्वीपकल्प तयार होत असावं.

माझ्याशी ती हट्टाने मराठी बोले. जावयाने शिकवलेली, नातीकडून घासून घेतलेली, आणि लिंगभेदाची पर्वा न करणारी. बंगालीला बाई-पुरुष एकच. त्यामुळे तिच्या तोंडी पाऊस यायची आणि चहा थंड व्हायची. मी सुरुवातीला सुधारत असे. "पाऊस आला म्हणायचं, बेयान." त्यावर ती गंभीरपणे खिडकीबाहेर पाही आणि म्हणे, "आला असेल. पण भिजवली तर सारखंच."

तो काचेतला समुद्र तिच्या नवऱ्याचा. खिदिरपूरच्या गोदीत त्यांचं आयुष्य गेलं. जहाजं येतात आणि जातात, आपल्याजवळ काहीच राहत नाही, या विषादातून त्यांनी घरी मुठीएवढा समुद्र मांडला. बादलीत मीठ विरघळवून, मापून, निववून ते पाणी रचत; रचत हाच शब्द. त्या पाण्याचा राजा एक मासा होता: तळहाताएवढा, चपटा, पिकल्या लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं होलुद. बंगालीत होलुद म्हणजे पिवळा, आणि होलुद म्हणजे हळदही. एका हिवाळ्यात ते गेले. सवाष्णीच्या त्या बांगड्यांचा नाद थांबला. होलुद मात्र तसाच फिरत राहिला, त्यांच्या हाताची वाट पाहत असल्यासारखा काचेला तोंड लावून.

आणि ती फिकी झाली. म्हणजे मला तशी दिसू लागली. दोऱ्याएवढ्या किनारीच्या पांढुरक्या साड्या, मोजके शब्द, दुपारी खिडकीचे पडदे ओढलेले. मला कुणाचं फिकेपण बघवत नाही, स्वभावच रंगाऱ्याचा. मी तिला दुर्गापूजेसाठी पोपटी इरकल नेऊन दिली, तांबड्या काठाची. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, कपाटात ठेवली. महिन्याने मी विचारलं, "साडी आवडली नाही का, बेयान?"

"आवडली ना," ती म्हणाली. "कपाटाला तर खूपच आवडली. सोडत नाही."

मग कार्तिकात तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मुलगा-सून नुकतेच पुण्याला बदलून गेलेले, म्हणून डोळ्यात थेंब घालायला मी राहायला गेले. तिला वाकायची बंदी, डोळ्यात पाणी उडण्याची बंदी, वर काळा चष्मा. समुद्र माझ्या स्वाधीन झाला. पहिल्या रात्री झोपायला जाताना तिने काचेवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "होलुद माझ्या नवऱ्याची आहे. तुम्ही बघ." एवढंच. कुणी आपलं मंगळसूत्र सांभाळायला द्यावं तसं ते वाक्य होतं.

पहाटे उठले. अंगणात प्राजक्त, तिथला शिउली, टपटपत होता. टाकीचा दिवा अजून लावायचा होता. आणि पाहते तो काय, होलुदचा रंग उतरलेला! पिवळेपणा विटून मळकट पांढरा झालेला, कुशीवर एक पांढरी रेघ, मधोमध तपकिरी डाग. खडकाच्या कपारीत तो निश्चल उभा. मेल्या माणसाचा मासा माझ्या स्वाधीन झाल्याच्या पहिल्याच पहाटे आजारी पडला होता, आणि त्याची मालकीण काळ्या चष्म्याआड शांत झोपली होती. आपल्या घरात कापलं, खरचटलं, खोकला झाला की काय करतात? त्यात त्याचं नावच होलुद. माझ्यासारख्या बाईला एवढी सूचना पुरते. उतावळ्या माणसाला आपण 'पी हळद आणि हो गोरी' म्हणून हिणवतो. मी ती म्हण माशाला पाजली.

आणि खरी मौज पुढेच. हळद सोडली, चहा केला, दिवा लावला, आणि चहा संपेपर्यंत मासा पुन्हा पिवळाधमक! मी स्वयंपाकघराकडे वळून हळदीच्या डब्याला नमस्कार केला. दुसऱ्या पहाटे पुन्हा फिका; पुन्हा चिमूट; पुन्हा चहा, दिवा, चमत्कार. रोज. मी मनातल्या मनात स्वतःला वैद्य म्हणवून घेऊ लागले होते. दिवा हा त्या औषधातला एक घटक आहे हे वैद्यबाईंच्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टरांनी काळा चष्मा उतरवला त्या सकाळी ती घरी आली आणि चपला न काढता टाकीसमोर उभी राहिली. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. पाणी काविळलं होतं. शुभ्र वाळूवर जेजुरी अवतरली होती. फेस काढणाऱ्या नळकांड्यात केशरी बासुंदीसारखं काहीतरी साचलं होतं. होलुद खडकामागे, कल्ले भराभर हलत असलेला. भर दिव्यात फिका. मी सगळं सांगून टाकलं. ती मनगटाने नसलेला चष्मा वर सारत म्हणाली, "दीदी, पाण्यात मीठ होतीच. होलुद तुम्ही दिली. आता मोहरीचं तेल गरम करू?"

मी शाकाहारी असले तरी इतकी वर्षं कोलकात्यात राहून एवढं जाणते: तिथल्या स्वयंपाकघरात माशाला मीठ-हळद लावली की पुढची पायरी कढई असते. मी हसू की रडू अशी उभी. तिने आणखी एक वार केला. माझ्या मुलाच्या लग्नात, बंगाली रीतीप्रमाणे, नवऱ्याकडची उष्टी हळद आणि साडी-नथ घालून सजवलेला रुई मासा नवरीच्या घरी पाठवायचा होता. खरा मासा उचलायला मी घाबरले आणि खव्याचा पाठवला होता. ती म्हणाली, "लग्नात मासा राहिली होती. आज होलुद आणि मासा एकत्र आणली?"

पण हे बोलतानाच तिने मिठाचा डबा उघडला होता. दिवसभर आम्ही दोघी मीठ विरघळवत राहिलो. ती मोजायची, मी ढवळायची, उपसायची, ओतायची. वाकायला तिला मी देत नव्हते. अधूनमधून ती भूगोलाच्या बाईसारखी बोटाने हवेत नकाशे काढत सांगत होती, की सागरातला मासा काचेत आला की त्याचा रंग का बदलतो: तिकडे तो नाना तऱ्हेचं शेवाळ, किडेमिडे खातो, त्यातला पिवळा-तांबडा त्याच्या अंगी उतरतो, आणि इकडे रोज तेच कोरडं खाणं मिळालं की तो रंग हळूहळू खर्ची पडतो, पांढऱ्या वाळूवर राहिलं की मासाही फिकटतो, नजरेत न यावा म्हणून, भ्याला की फिकटतो, गुदमरला की फिकटतो, एकटा पडला तरी. एकटा या शब्दानंतर बादलीतल्या मिठाचा आवाज फार मोठा झाला होता.

होलुदने संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही. ती टाकीसमोर वेताच्या मोड्यावर, त्या बुटक्या स्टुलावर, बसून राहिली, नवऱ्याच्या उशाशी बसली असेल तशी, आणि मला तिच्याकडे बघण्याचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या पहाटे तिनेच मला हलवून उठवलं. दिवा नाही लावला. शेजारी बसवलं. पाणी पुन्हा निवळलं होतं. कपारीत होलुद, तसाच विटका, कुशीवर तीच पांढरी रेघ. माझा हात नकळत स्वयंपाकघराच्या दिशेने हलला असावा, कारण तिने माझं मनगट धरलं. घट्ट. शिउली टपटपत होती. खिडकीचा पडदा तिने त्या दिवशी ओढलेला नव्हता. उजेड आधी छताला लागला, मग काचेला, मग पाण्यात शिरला, आणि त्या माशाच्या अंगावर, आतून कुणी वात पुढे सारावी तसा, पिवळा चढत गेला. रेघ मिटली. डाग मिटला. तो कपारीतून बाहेर आला, तिने चिमट्याला लावलेलं शेवाळाचं पान त्याने एकदा ओढलं, पुन्हा ओढलं.

आता ती लेकीकडे पुण्याला असते. बंगालीण पुण्यात, मराठीण कोलकात्यात, आणि होलुद माझ्या बैठकीत. कुणी कुणाला कोणत्या पाण्यात ठेवलं, याचा जाब विचारायचा तरी कुणाला? परवा फोनच्या पडद्यावर ती आली ती पोपटी इरकल नेसून, तांबडा काठ खांद्यावर, आणि मी साडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हातारपणी थोडं शहाणपण येतं. रोज पहाटे मात्र मी दिवा न लावता टाकीसमोर बसते. गेलेली माणसं, दूर गेलेली माणसं, आणि आपल्यातूनच निघून गेलेली ती पासष्टीची उतावळी पोरगी, सगळी त्या अंधुक पाण्यात फिकी होऊन उभी असतात. उजेड येईतो थांबणं, आठवण म्हणजे बहुधा एवढंच. त्या पहाटे माझं मनगट न सोडता ती जे म्हणाली, ते मी व्याकरण न सुधारता ठेवलं आहे:

"रंग गेली नाही, दीदी. रंग झोपली आहे. माझी पण. तुम्ही घाई करू नको."