खिडकीवरची फट

शिडी मी दोन्ही हातांनी गच्च धरली होती आणि मनातल्या मनात नवऱ्याला, विल्फ्रेडला, शिव्या घालत होते. समुद्रावरून काळे ढग सरकत येत होते. वाऱ्याने शिडी हलत होती आणि वरच्या पायरीवर त्याचा डावा पाय थरथरत होता.

"विल्फ, उतर आता. पाऊस येतोय."

"म्हणून तर घाई. ओल्या लाकडाला सीलंट धरत नाही. उद्यापासून गारठा, मग एकदम मे महिन्यात."

"मग मे महिन्यात कर."

"तोवर भिंत सडेल. तू शिडी धर, तोंड नको चालवू, व्हर्ना."

आमच्या लुननबर्ग गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींना या माणसाने फळ्या ठोकल्यात. त्याला कोण शहाणपण शिकवणार? पण या वसंतापासून त्याचं विसरणं वाढलं होतं. केटली चालू ठेवून निघून जायचा, मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारायचा. डॉक्टरने गाडी आणि शिडी दोन्ही बंद सांगितलं. गाडी त्याने मुकाट्याने सोडली. शिडीचं नाव काढलं की मात्र अंगावर यायचा. शेवटी मी धरेन तरच चढायचं, एवढ्यावर तोडगा निघाला होता.

कोपऱ्यातली उभी फट त्याने सीलंटच्या पांढऱ्या लगद्याने सुरेख भरली. मग खिडकीच्या दोन्ही बाजू. ओलं बोट फिरवून रेघ सारखी केली. हात अजून तोच होता, बघून मला बरं वाटलं. मग खिडकीच्या माथ्यावर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर त्याने सीलंटच्या बंदुकीची नळी टेकवली आणि तिथली फटही या टोकापासून त्या टोकापर्यंत बुजवून टाकली.

ती फट कधीच बुजवायची नसते. फळ्यांमागे शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बंद केली की पाणी आत तुंबतं आणि भिंत कुजते. यावरून त्याने हाताखालच्या लोकांना जन्मभर झापलं होतं.

सांगावं, तर तो तिथेच उभा राहून सुरीने खरवडायला लागणार. न सांगावं, तर भिंत जाणार. गेली तर गेली भिंत, मला नवरा जमिनीवर हवा होता.

"झकास झालंय," मी म्हणाले. "चल, माशाचं सूप गार होतंय."

तो उतरायला लागला. मधेच त्याचा पाय सटकला. मी खांदा लावला, त्याचा कमरेचा पट्टा धरून सगळा भार अंगावर घेतला, आणि तो कसाबसा खाली आला.

"पट्टा सोड आता माझा," तो हसत म्हणाला.

मग नेहमीसारखा चार पावलं मागे जाऊन त्याने काम न्याहाळलं. त्याचा चेहरा बदलला.

"व्हर्ना, ती वरची फट कोणी बुजवली?"

सीलंटची बंदूक त्याच्या हातातच होती. बोटं त्या लगद्याने पांढरी झाली होती.

"कोण गाढव चढलं होतं वर?"

तो खरंच विचारत होता. मला रडू फुटायला आलं.

"मी," मी म्हणाले. "म्हटलं, तुझं काम हलकं होईल."

त्याने मान हलवली. "एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलीस आणि एवढंही कळू नये?"

"चुकलं माझं."

"असू दे." पांढऱ्या बोटांनी त्याने माझा खांदा थोपटला. "पण एकटीने शिडीवर चढत जाऊ नकोस. वय झालं आता तुझं."

"बरं," मी म्हणाले.