घोंगडीखालचं होकायंत्र

तिनं स्वतः आखलेलं होकायंत्र पास झालं, तर वर्षाराणीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: ड्रॉइंगवर स्वतःचं नाव, स्टोअरच्या कोपऱ्याऐवजी खिडकीजवळचं टेबल, आणि लग्नाचा विषय निदान दिवाळीपर्यंत बंद. नापास झालं, तर शिरोलीतल्या त्या कारखान्यात पुन्हा पंपांच्या झाकणांची ड्रॉइंग काढत बसायचं.

यंत्र रात्री चालणाऱ्या फौजेसाठी होतं. खुणा अंधारात चमकणाऱ्या. कडं फिरवलं की तीन-तीन अंशांवर एक ‘टक’. बॅटरी लावायची नाही, टकटक मोजायची. मालक सयाजीरावांनी पारख निवृत्त सुभेदार हंबीररावांवर सोपवली होती. ते हो म्हणाले, तरच नमुना पुढं जाणार.

कसबा बावड्याच्या मोकळ्या रानात, भर दुपारी, अंधार म्हणून सुभेदारांच्या डोक्यावर घोंगडी टाकली. तीनशे पावलांवरची बाभळ गाठायची होती.

“आलो का?” घोंगडीतून आवाज आला.

“म्हशीजवळ आलायसा,” भट्टीवरचा आकाराम म्हणाला. “सलाम ठोकू नगा, शिंगं हायत.”

मग वर्षाराणी घोंगडीत शिरली आणि नेमकी बाभळीवर आपटली. सयाजीरावही बरोबर पोचले. सुभेदार पुन्हा गेले ते विहिरीकडं. आकाराम म्हणाला, जमिनीत लोखंड हाय. सयाजीरावांनी विजेच्या तारांना दोष दिला. वर्षाराणीनं केसांतल्या पिना काढल्या, स्क्रू पुन्हा तपासले, सगळे पितळी. कशाचा कशाला मेळ लागेना.

सुभेदार पाणी मागायला जवळ आले, तशी तिच्या तळहातावरची सुई त्यांच्याकडं वळली. ते गेले, सुई जागेवर. परत आले, पुन्हा वळली.

तिनं त्यांना बांधापलीकडं नेलं. “आबा, कमरेला काय हाय?”

“सदरा हाय की.”

“होकायंत्राला आतलं दिसतंय.”

बहात्तराव्या वर्षी कंबर बंदुकीसारखी ताठ, हे सुभेदार तालमीत रोज ऐकवत. त्यांनी सदरा खाली ओढला.

“कंबरदुखीचा चुंबकाचा पट्टा हाय,” ते हळूच म्हणाले. “कुठं बोलायचं न्हाय.”

“न्हाय बोलत.”

पट्टा बांधाआड ठेवून ते आले, जरा वाकूनच. घोंगडी घेतली, टकटक मोजली, चालले. तीनशेव्या पावलाला हात बाभळीवर.

“पास,” ते म्हणाले, आणि तिथंच खोडाला टेकले.

वर्षाराणीला नाव मिळालं, टेबल मिळालं, दिवाळीपर्यंतची शांतताही. सयाजीरावांचा नमुना पुढं गेला. आकारामाला म्हशीची गोष्ट जन्मभर पुरेल. किंमत मोजली एकट्या सुभेदारांच्या कमरेनं: आठ दिवस अंथरूण. भेटायला येणाऱ्याला ते सांगत, “घोंगडी लई जड होती.”