माझ्या जाळ्यांवरचे बिबडे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे वयाने नव्हे. माझ्या टायरांवरची नक्षीसुद्धा अजून झिजलेली नाही. पण माणसाचं मन उडालं की गाडी जुनीच. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, एकट्यापुरती सीट आणि तापट टू-स्ट्रोक इंजिन, असा माझा थाट. शहरात मला क्वाड म्हणतात. पिंपळनेरजवळच्या ज्या गावात मी आले, तिथे 'चार चाकनी फटफटी' म्हणायचे. ते नाव मला जास्त आवडायचं.

माझा मालक योगराज. कांदा-मक्याची शेती, अंगावर नेहमी कडक इस्त्री आणि हौसेला मोल नाही. जळगावच्या दुकानातून त्याने मला घेतलं, तेव्हा अभिमन नावाच्या फिटरने एक खोका त्याच्यापुढे ठेवला. त्यात दोन लोखंडी चौकटी होत्या आणि त्यांवर घट्ट विणलेल्या नायलॉनच्या जाळ्या.

"भाऊ, पहिलं काम हे," अभिमन म्हणाला. "या दोन्ही बाजूंना बसवू. नाहीतर पाय घसरून मागच्या चाकाखाली जातो. आणि ही लाल दोरी मनगटात अडकवायची. पडलात की ती निघते आणि गाडी जागच्या जागी बंद."

"मी पडायला गाडी घेतली का?" योगराज हसला. "तू आवाजाचं बघ. गावाला कळलं पाहिजे."

आधी कळस, मग पाया. खोका तसाच बांधून दिला आणि मला नवा सायलेन्सर लागला. असा आवाज, की म्हशी दावं तोडायच्या. एक मात्र खरं सांगते, माझं खाणंपिणं त्याने कधी चुकवलं नाही. पेट्रोलमध्ये मापाने ऑईल मिसळायचा. इंजिन नवं आहे, मुरू दे, म्हणून सुरुवातीला हळू हाकायचा. बापाने कधी लेकराला जपलं नसेल इतकं त्याने माझ्या पिस्टनला जपलं.

घरी त्याची आई, यशोदाबाई. तिने मला ओवाळलं, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि दुसरं लिंबू, सात मिरच्या नि कोळसा ओवून टांगायला जागा शोधू लागली. तिला ती लाल दोरी दिसली. एक टोक माझ्या स्विचमध्ये, दुसरं मोकळं लोंबतंय. तिने तिथेच पक्की गाठ मारली आणि दोरी हँडलला गुंडाळली. योगराज समोरच उभा होता. म्हणाला, "माय, झकास दिसस." खोक्यातल्या जाळ्याही तिनेच काढल्या. धुतल्या, चार विटांवर आडव्या ठेवल्या आणि त्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले. खालून वरून वारा लागतो, म्हणून शेजारणी बघायला आल्या.

आणि पुनम, योगराजची धाकटी बहीण. पोलीस भरतीसाठी ती रोज नदीच्या वाळूत पळायची. कधीकधी योगराज मला तिच्या मागे लावायचा, कुत्र्याने कोंबडी पळवावी तसा. ती वळून बघायची नाही. त्या मुलीइतकं सरळ पळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. धुळ्याला मैदानी चाचणी होती, आणि त्या दिवसासाठी ती जगत होती.

तो दिवस उजाडला. पुनम पिशवी घेऊन बसस्टँडला निघाली.

"बस मागे. नदीतून दोन मिनिटमा सोडस," योगराज म्हणाला.

"मी पायी जास, भाऊ. टाईम शे."

"भाऊ इतला हौसनी म्हनी ऱ्हायना, त बस ना," यशोदाबाई बोलली. भावाची हौस मोडायची रीत त्या घरात नव्हती. पुनम बसली.

मी एकट्यासाठी घडवलेली. मागच्याचे पाय ठेवायला माझ्याकडे जागाच नाही. वाळूत मी उसळले, तिचा पाय घसरला आणि मागच्या चाकाने तो आत ओढला. जाळी असायची तिथे नुसती हवा होती. ती ओरडली, "भाऊ, पाय! थांब!" मला ऐकू आलं. योगराजला नाही आलं. त्याच्या कानात सायलेन्सर होता. तिने त्याचा शर्ट ओढला, तेव्हा दोघंही खाली आले. अंगठ्याने दाबायचा माझा वेगाचा खटका वाळूने दाबलेलाच अडकला होता, म्हणून मी फिरतच राहिले. तिच्या पायावर. दोरी मनगटात असती, तर तो पडताच मी मुकी झाले असते. पण दोरीला लिंबू होतं, आणि लिंबू पडलं नाही.

मार मला बसला. योगराजने काठीने माझा दिवा फोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी. "पोरीले नजर लागनी," म्हणत यशोदाबाईने त्याच दोरीला आणखी मोठं लिंबू बांधलं. पुनमच्या घोट्यात सळ्या पडल्या. भरती दुसऱ्यांची झाली. ओट्यावर बसून योगराज तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "जाऊ दे, तसंबी लगनच करनं व्हतं."  पुनमला आता बसून करायची कामं मिळाली. ती बिबडे उलटायची.

मग धुळ्याहून जितेंद्र नावाचा गिऱ्हाईक आला. माझ्या आवाजावरच भाळला.

"दोघं बसतात ना? बहिणीला कॉलेजला सोडायचं असतं."

"आरामात," योगराज म्हणाला.

पुनमने बिबडे चादरीवर झटकले. दोन्ही जाळ्या काखेत मारून, पाय ओढत ती अंगण ओलांडून आली. "ह्या गाडीन्याच शेतस. पहिल्या ह्या बसवा."

"राहू द्या, ताई. त्याने लूक जातो."

तिने दोरीवरच्या गाठीला हात घातला, तसा यशोदाबाईने तिच्या हातावर फटका मारला. "उतारानं लिंबूले हात लावस का?" मग जाळ्या उचलून ती म्हणाली, "बरं व्हयनं. सकाय कुरडया टाकन्या शेतस." पुनम तिथेच मातीत बसली आणि मी गेटबाहेर पडेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, मला पुसू नका, सजवू नका. मी लोखंड आहे, मला काही होत नाही. जपायचं ते माणसाचं हाड.

आज सकाळी जितेंद्रची बहीण आली. पायात साधी चप्पल. सीटवर बसून तिने विचारलं, "दादा, पाय कुठे ठेवू?"

"लोंबू दे," तो म्हणाला, आणि त्याने किक मारली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी रस्त्यात असाल, तर आम्हाला अडवा. त्या मुलीला उतरवा. ते लिंबू तोडून दोरी त्याच्या मनगटाला बांधा. मला हात नाहीत.