माझ्या पोटातले गाणे

मी एक जुने लाकडी कपाट आहे आणि एका गाजलेल्या गाण्यात माझाही आवाज आहे. हसलात ना, मित्रांनो? खुशाल हसा. आमच्या घरचेही हसले होते.

दोन बहिणींच्या वडिलांनी मला एका सुताराकडून करून घेतले. उजव्या दाराची बिजागरी त्याने जरा तिरकी बसवली, म्हणून ते दार उघडताना कुरकुरते. वर्षानुवर्षे मी कपडे आणि रजया सांभाळल्या. कपाटाला शाबासकी कोण देणार? उभे राहायचे, एवढेच आमचे काम.

मुली मोठ्या झाल्या. ताई औषधांच्या दुकानात कामाला लागली. धाकटी घरात संगणकावर आवाज जुळवत बसायची. सुटीच्या दुपारी दोघींनी एक गाणे करायला घेतले. शब्द ताईचे, चाल दोघींची. खोलीत रस्त्यावरचा गोंगाट यायचा, म्हणून ताई माझ्या आत, रजयांमध्ये डोके खुपसून गायची. एकच ओळ ती अकरा वेळा गायली आणि धाकटीने ते अकरा आवाज एकावर एक रचले. ताल म्हणून माझ्या दाराची कुरकुर घेतली. खरे सांगायचे तर माझा ऊर भरून आला.

बाबांनी गाणे पूर्ण ऐकून विचारले, "सुरू कधी होणार?"

आत्या म्हणाली, "अगं, आधी त्या दाराला तेल घाला!"

दोघी पोट धरधरून हसल्या. पण गाणे इंटरनेटवर टाकल्यावर ऐकणारे हळूहळू वाढले. अनोळखी माणसे लिहू लागली, की हे आमच्याच घरातले वाटते.

मग एका कंपनीने धाकटीला बोलावले. त्यांना गाणे हवे होते, फक्त आवाज कसलेल्या गायिकेचा हवा होता. धाकटीने होकार दिला. ताईला सांगायला मात्र तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. शेवटी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या फोनवर ताईने आपले शब्द परक्या आवाजात ऐकले.

त्या संध्याकाळी ती भांडली नाही. तिने माझ्यातले आपले कपडे आणि रजया काढल्या, बॅगा भरल्या आणि ती दुसऱ्या गावी राहायला गेली.

नव्या गाण्याचे फार कौतुक झाले. धाकटीचे फोटो छापून आले. पण पुढचे गाणे काही जमेना. एकदा तीच माझ्यात डोके घालून गायली. मी रिकामे होते, त्यामुळे तिचा आवाज घुमून तिच्याच अंगावर आला. ती मला टेकून रडली. मला फार वाईट वाटले, पण कपाट कुणाला जवळ कसे घेणार?

मागच्या महिन्यात ताई राहिलेली कागदपत्रे न्यायला आली. धाकटीने तिच्या कानांना हेडफोन लावला. पहिले गाणे होते, अकरा आवाजांचे. ताईने ते शेवटपर्यंत ऐकले.

"बरी गायची ही," ती स्वतःच्याच जुन्या आवाजाबद्दल म्हणाली.

"ताई, मी तेव्हा विचारलं असतं तर?"

"हो म्हटलं असतं गं." ताईने हेडफोन माझ्या फळीवर ठेवला. "निघते. गाडी चुकेल."

मित्रांनो, आम्हा लाकडांची निगा राखा, वाळवीपासून जपा. पण त्याआधी, ज्यांच्यासोबत काही घडवाल त्यांना वेळेवर विचारा. नाही म्हणतील या भीतीने गप्प बसू नका.